ई-बेवरचा लिलाव मुदतीआधी बंद करा म्हणून मागे लागलेत, काय करावं?

एडिसनवाली

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

सासऱ्यांचा टपाल तिकिटांचा संग्रह विकायला काढलाय. सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे राहायला येतायत, त्यामुळे त्यांचं घर रिकामं करायचंय. आमच्यापैकी कुणाला तिकिटांतलं काही कळत नाही, तेव्हा ज्याला कदर आहे त्याच्याकडे जाऊ देत असं त्यांनीच सुचवलं. पहिला लॉट म्हणून गांधीजींच्या १९४८ च्या चार तिकिटांचा संच (दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये) आणि त्याच पानावरची काही सुटी तिकिटं ई-बे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर सात दिवसांच्या लिलावाला लावली. सुरुवात ९.९९ डॉलरपासून. आज तिसरा दिवस आहे, पाच बोल्या आल्यात आणि भाव ४३ डॉलरवर आहे. लिलाव रविवारी रात्री ९ ला संपतो, इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या, वेळेनं.

काल दोघांचे मेसेज आले. पहिल्यांचं म्हणणं, "आजच लिलाव बंद करा, १७५ डॉलर देतो. पैसे झेलनं लगेच पाठवतो, तुमची ई-बेची फीसुद्धा वाचेल." (झेल म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची इथली सोय.) दुसरे इंग्लंडमधले गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे तेव्हा पहाटेचे दोन वाजलेले असतील, जागायला जमणार नाही, म्हणून १२० ला आत्ताच द्याल का असं अगदी नम्रपणे विचारलंय.

नवऱ्याचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? मला मात्र ज्यांनी आधीच बोली लावलीय त्यांचं काय, हा प्रश्न पडलाय. लिलाव असा बंद करता येतो का? करावा का? आणि या दोघांना उत्तर काय देऊ?

तिकीटवेडा

ताई, बंद करू नका. दोघांनाही नाही म्हणा.

तिसऱ्या दिवशीच्या ४३ डॉलरवरून काहीही ठरवू नका. संग्राहक मंडळी आपली खरी बोली शेवटच्या मिनिटात टाकतात, पुष्कळदा शेवटच्या काही सेकंदांत. याचा रीतसर अभ्यासही झालाय. आल्विन रॉथ (२०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेलविजेते) आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली ई-बे आणि तेव्हाचे ॲमेझॉनचे लिलाव यांची तुलना केली होती. ॲमेझॉनवर शेवटी कुणी बोली लावली की मुदत आपोआप पुढे सरकायची, ई-बेवर मात्र ठरल्या क्षणी संपायची. म्हणून ई-बेवर शेवटच्या क्षणीच्या बोल्या कितीतरी जास्त आढळल्या. त्यातही कॉम्प्युटरपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावांत हे अधिक दिसलं. कारण सरळ आहे. जाणकारानं बुधवारीच मोठी बोली लावली, तर "याला यात काहीतरी दिसलंय" हे बाकीच्यांना कळतं. म्हणून तो गप्प बसतो.

आणि असा गप्प बसणारा माणूस जेव्हा तुम्हाला मेसेज करून चौपट भाव देतो, तेव्हा त्याला शेवटच्या मिनिटातली चढाओढ टाळायचीय. १७५ ही त्याची मर्यादा नक्कीच नाही. माझ्या अनुभवात असा मेसेज आला की पहिलं काम म्हणजे आपलेच फोटो पुन्हा उघडून नीट पाहायचे.

तुमच्या लॉटमध्ये सगळी किंमत दहा रुपयांच्या तिकिटात आहे. हा संच १५ ऑगस्ट १९४८ ला निघाला, छपाई स्वित्झर्लंडमध्ये कुर्व्हॉझिए या छापखान्यात झाली, तिकिटावर 'बापू' देवनागरीत आणि उर्दूत आहे. हे कळवा:

दहाचं तिकीट कोरं आहे की शिक्का मारलेलं? कोरं असेल तर मागचा डिंक शाबूत आहे का, अल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या छोट्या कागदी पट्टीची, म्हणजे हिंजची, खूण आहे का? दाते (तिकिटाच्या कडेचे, दर दोन सेंटिमीटरला मोजायचे) साडेअकराचे आहेत का? या तिकिटाच्या नकला बाजारात भरपूर आहेत.

आणखी एक. त्यावर इंग्रजीत SERVICE ('सर्व्हिस') ही अक्षरं वरून छापलेली आहेत का? तशी अस्सल तिकिटं गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी अगदी मोजकी झाली. त्यातल्या चारांची एक पट्टी २०१७ मध्ये स्टॅनली गिबन्स या लंडनच्या तिकीटविक्रेत्यांनी ५ लाख पौंडांना विकली. लगेच हुरळून जाऊ नका, कारण घरोघरी सापडणारी 'सर्व्हिस'वाली जवळजवळ सगळी बनावट निघतात. पण पाहिल्याशिवाय हातची घालवूही नका. शंका असेल तर तज्ज्ञ संस्थेचं प्रमाणपत्र घेईपर्यंत विकायचंच नाही.

जुनाविक्रेता

वरच्या सल्ल्याशी सहमत. मी व्यवहाराची बाजू लिहितो.

लिलाव मुदतीआधी बंद करता येतो. एकही बोली नसेल तर केव्हाही. बोल्या असतील आणि १२ तासांपेक्षा जास्त वेळ उरला असेल, तर बोल्या रद्द करून बंद करता येतो. शेवटच्या १२ तासांत मात्र आलेल्या बोल्या रद्द करता येत नाहीत. पण ही सोय कशासाठी आहे ते पाहा: वस्तू हरवली, फुटली, वर्णनात चूक सापडली, अशासाठी. बाहेर बरा भाव आला हे कारण त्यात बसत नाही. बोल्या असताना बंद केलात तर फी लागू शकते, आणि हे वारंवार केलं तर खात्यावर बंधनं येतात.

आता ते झेलवाले. ई-बेवर ओळख होऊन व्यवहार बाहेर करणं हे नियमांत स्पष्टपणे निषिद्ध आहे, विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. फी वाचते हे खरं, पण फीसोबत संरक्षणही जातं. पाकीट पोचलं नाही, आत भलतंच निघालं, पैसे चोरीच्या खात्यातून आले असं नंतर कळलं, तर विचारायला कुणी नाही. आणि असे लोक पुष्कळदा पुढच्या मेसेजमध्ये "झेल चालत नाहीये, चेक पाठवतो, थोडी जास्त रक्कम आहे, उरलेली परत करा" असं लिहितात. तो चेक वटत नाही आणि तुम्ही परत केलेले पैसे गेलेले असतात. हे गृहस्थ तसेच आहेत असं मी म्हणत नाही. पण बाहेरच्या व्यवहाराचा प्रस्ताव आला की मी भाव किती हे वाचतच नाही.

लवकर विकायची तयारी असेल तर ती पहिल्या दिवशी दाखवायची. लिलाव लावतानाच 'बाय इट नाऊ'ची किंमत टाकायची, सुरुवातीच्या बोलीपेक्षा निदान ३० टक्के जास्त. ज्याला घाई आहे तो ती देऊन घेऊन जातो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पहिली बोली पडली की बहुतेक विभागांत हा पर्याय नाहीसा होतो आणि नंतर घालताही येत नाही. त्यामुळे या लॉटला आता तो रस्ता नाही, पुढच्याला आहे.

पुढच्या लॉटसाठी आणखी एक. भारतातले संग्राहक हे या तिकिटांचे खरे गिऱ्हाईक. सध्याच्या उन्हाळी वेळेनं तुमचा रविवारी रात्री ९ म्हणजे तिथे सोमवारी सकाळचे साडेसहा, कामाच्या दिवसाची सुरुवात. सध्याच्या वेळेनं रविवारी सकाळी ११ ला संपेल असा लावलात, तर भारतात रात्रीचे साडेआठ आणि इंग्लंडात दुपारचे चार वाजलेले असतील. पहाटे जागायची तक्रारच राहणार नाही.

कोथरूडची

मी थोडं वेगळं मत मांडते. दर वेळी नाहीच म्हणायचं असं मला वाटत नाही. ई-बेची भारतातली साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, तोवर मी तिथे जुनी पुस्तकं आणि मिक्सरची भांडी, सुटे भाग असलं विकायचे. एकही बोली नसेल आणि कुणी रास्त भाव दिला, तर मी लिस्टिंग बदलून ठरलेल्या किमतीला लावायचे आणि तो माणूस तिथूनच घ्यायचा. मिक्सरच्या भांड्याला शेवटच्या मिनिटाला चढाओढ थोडीच होणार आहे! त्याचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो.

इथे पाच बोल्या आहेत आणि वस्तूची किंमत कुणालाच नक्की माहीत नाही. त्यामुळे या बाबतीत माझंही उत्तर नाही असंच.

म्युनिककर

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण इथे हे प्रकरण कोर्टापर्यंत जातं. एकानं जुनी फोक्सवागन पसाट १ युरोपासून लिलावाला लावली. एका माणसानं कमाल ५५५.५५ युरोची बोली लावली, पण दुसरं कुणी नसल्यामुळे भाव १ युरोवरच होता. काही तासांत विक्रेत्याला बाहेर ४,२०० युरो देणारा गिऱ्हाईक मिळाला आणि त्यानं लिलाव बंद केला. बोली लावणारा कोर्टात गेला. गाडीची किंमत ५,२५० धरली गेली आणि १ युरो वजा करून ५,२४९ युरोची भरपाई मंजूर झाली. संघीय न्यायालयानं नोव्हेंबर २०१४ मध्ये ती कायम केली. लिलाव लावला त्याच क्षणी विक्रेत्यानं शब्द दिलेला असतो आणि सबळ कारणाशिवाय तो मागे घेता येत नाही, अशी इथली समज आहे.

अमेरिकेचा कायदा वेगळा आहे, एडिसनवाली ताईंवर कुणी दावा लावेल असं मी सुचवत नाही. पण ज्यांनी बोली लावलीय त्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्या पाच बोल्यांमागे माणसं आहेत. पैसे बाजूला ठेवून ती रविवारची वाट बघतायत. त्यांना न सांगता वस्तू मागच्या दारानं देणं बरं नाही, भाव कितीही चांगला मिळो.

लेस्टरकर

इंग्लंडच्या गृहस्थांच्या बाजूनं दोन शब्द, कारण मीही इथून जुनी नाणी घेतो. पहाटे दोनची अडचण खरी असते, पण तिच्यावर उपाय आधीपासून आहे. कमाल बोली लावायची आणि झोपायचं. त्यांनी १८० भरले म्हणून भाव १८० होत नाही, ई-बे लागेल तेवढीच बोली पुढे सरकवतं. समजा दुसऱ्या कुणाची कमाल १०० असेल, तर यांना ते १०२.५० ला मिळेल, कारण १०० च्या पुढे टप्पा अडीच डॉलरचा आहे. आणि आपली बोली लवकर उघड करायची नसेल, तर ऐनवेळी बोली टाकणाऱ्या सेवाही आहेत. बऱ्याच जुन्या संग्राहकांना हे माहीत असतं, पण सगळ्यांनाच असेल असं नाही. त्यांना तेवढं प्रेमानं सांगा. माणूस चांगला वाटतोय.

एडिसनवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. जर्मनीचा किस्सा नवऱ्याला वाचून दाखवला, त्यांनी हातच्याचा मुद्दा सोडला.

तिकिटं पुन्हा पाहिली. सासूबाईंनी सासऱ्यांचा चिमटा आणि भिंग काढून दिलं. दहा रुपयांचं तिकीट कोरं आहे, शिक्का नाही. मागे डिंक आहे, पण वरच्या बाजूला हिंजची खूण दिसते. वर 'सर्व्हिस' वगैरे काही छापलेलं नाही. दाते मोजायची पट्टी त्यांच्याच डबीत सापडली, साडेअकरा भरले.

दोघांना हे पाठवायचं म्हणते, पाहा बरं:

"नमस्कार. तुम्हाला हा संच आवडला याचा आनंद आहे. यावर बोल्या आलेल्या असल्यामुळे लिलाव ठरलेल्या वेळीच संपेल. मला दुसऱ्या एकांकडून १७५ ची मागणी आली आहे, तिलाही मी हेच उत्तर दिलं आहे. तुम्ही कमाल बोली आत्ताच लावून ठेवू शकता. शुभेच्छा."

तिकीटवेडा

१७५ चं वाक्य काढा. एकाची मागणी दुसऱ्याला सांगितली की ती भाव चढवायची युक्ती वाटते, तुमचा हेतू तसा नसला तरी. बाकी मजकूर उत्तम. झेलवाल्यांना "व्यवहार फक्त ई-बेवरच" एवढं एक वाक्य जास्त घाला.

आणि हिंजची खूण वर्णनात आहे का? नसेल तर आजच घाला. बोल्या आल्यावर आधीचा मजकूर बदलता येत नाही, पण भर घालता येते. हिंज असलेल्या आणि नसलेल्या कोऱ्या तिकिटाच्या भावात बराच फरक पडतो. ज्यांनी बोली लावलीय त्यांना हे रविवारच्या आत कळायला हवं, पाकीट उघडल्यावर नको. त्यानं एखादी बोली मागे गेली तरी चालेल.

एडिसनवाली

वर्णनात नव्हतं. आत्ता घातलं, दात्यांचं मापही लिहिलं. एक बोली मागे गेली, दोन नव्या आल्या. भाव ६१.

झेलवाल्यांचं पुन्हा आलंय, आता २४० म्हणतायत.

जुनाविक्रेता

तोच मजकूर पुन्हा पाठवा. त्यानंतरही आला तर उत्तर देऊ नका, मेसेजखालच्या रिपोर्टवर दाबून ठेवा.