अर्ध्या मजल्यांची घरं: हात घालण्याआधी काय बघितलंत, सांगा

आमचं घर कोल्हापुरात पाचगाव रस्त्याला, चढावर. सासऱ्यांनी १९८८ साली बांधलं. उतार कापून जागा सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून जमीन जशी उतरली तसं घर उतरलं. रस्त्याच्या पातळीला हॉल. तिथनं आठ पायऱ्या खाली स्वयंपाकघर, आठ पायऱ्या वर झोपायच्या खोल्या. आर्किटेक्ट याला स्प्लिट-लेव्हल म्हणतात, आम्ही 'खालचं, मधलं, वरचं' म्हणतो.

तीस-पस्तीस वर्षं काही अडलं नाही. आता सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्या झोपतात वर, जीव सगळा खाली स्वयंपाकघरात. एका फेरीला सोळा पायऱ्या. दिरांचं म्हणणं, सगळं पाडून सपाट बांधू. मला ते पटत नाही. सासऱ्यांनी एकेक पायरी स्वतः उभं राहून घालून घेतलीय, आणि या घरात हॉलमधनं खाली शिजतंय ते आणि वर कोण अभ्यास करतंय ते, दोन्ही कळतं.

पायऱ्यांऐवजी रॅम्पचा विचार केला. पायरी सात इंचाची, म्हणजे आठ पायऱ्यांना ५६ इंच. चाकाच्या खुर्चीला एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते. हिशोब ५६ फुटांवर गेला, आमचं अख्खं घर ३२ फूट लांब. तो विषय तिथंच मिटला.

ज्यांनी असलं घर सुधारून घेतलंय त्यांनी काय केलं, काय चुकलं ते लिहा. मापांसकट लिहा, आणि वर आपला भाग लिहा.

आर. के. नगर

ताई, आमचीही रचना अशीच. मधला हॉल अंधारा, दुपारी बारालाही दिवा. मिस्त्री म्हणाला, हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत काढू, दोन दिवसांचं काम. मी होय म्हणून बसलो होतो. बायकोनं हट्ट धरला म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं.

त्यांनी कागदावर घराचा उभा काप काढून दाखवला. साध्या घरात मधल्या भिंतीवर दोन्हीकडचे स्लॅब एकाच उंचीला येऊन टेकतात. आपल्या घरात तसं नाही. एका बाजूचा स्लॅब भिंतीच्या माथ्यावर आणि दुसऱ्या बाजूचा तिच्या ऐन पोटात. भिंत काढली तर दोघांचाही आधार जातो. शिवाय स्लॅब वेगवेगळ्या उंचीवर टेकल्यामुळं त्या भिंतीवर आडवा ताणही येऊ शकतो. त्या दिवशी घण बसला असता तर काय झालं असतं, या विचारानं मला रात्रभर झोप लागली नाही.

शेवटी भिंत ठेवली. तिच्यात सहा फूट रुंद भोक पाडलं. आधी दोन्ही बाजूंनी टेकू, मग वर लोखंडी आय-सेक्शनची (इंग्रजी I आकाराच्या तुळयांची) जोडी, ती नीट बसल्यावरच खालचं बांधकाम काढलं. टेकू बारा दिवस होते. खर्च मिस्त्रीच्या आकड्याच्या तिप्पट झाला आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. हॉलमध्ये सकाळी स्वयंपाकघराकडचं ऊन येतं आता.

एक मात्र आधी कळलं नाही. भिंत उघडली की वासही उघडतो. रविवारी खाली मटणाची फोडणी पडली की वरच्या कपाटातल्या साड्यांना वास. ऊन हवा वर चढते, जिन्याची मोकळी जागा तिला धुराड्यासारखी वर ओढते. नंतर बाहेर हवा टाकणारी चिमणी बसवली आणि वरच्या जिन्याच्या माथ्याला एक झडपेची खिडकी. उन्हाळ्यात त्या खिडकीनं वरच्या खोल्याही गार व्हायला लागल्या. ती पहिल्यांदाच करायला हवी होती.

उत्तरेश्वर पेठ

आमचं घर कुणी ठरवून अर्ध्या मजल्याचं केलं नाही, पुरानं केलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं. पहिल्या पुरानंतर फक्त रंग दिला. दुसऱ्यानंतर आईनंच सांगितलं, आता मागचं घर उचला.

पुढचा सोपा (ओसरी) जुन्या जोत्यावर तसाच ठेवला, दगडी आहे, पाणी आलं-गेलं तरी धुऊन निघतो. मागचं माजघर आणि स्वयंपाकघर साडेतीन फूट वर घेतलं. छप्पर कौलारू होतं म्हणून तेही उंच करता आलं. स्लॅब असता तर डोकं टेकलं असतं. एवढं करूनही ५५ फुटाचं पाणी माजघरात येणारच, हे आम्हाला माहीत आहे. पण लहान पुराला घर सोडावं लागत नाही, आणि मोठ्या पुराला सामान हलवायला अर्धा दिवस जास्त मिळतो. तो अर्धा दिवस काय असतो हे ज्यानं गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन गल्ली ओलांडलीय त्यालाच कळेल.

वरच्या पातळीवरही सगळी बटणं पाच फुटांवर घेतली, वायर छतातनं खाली उतरवली. ओट्याखाली प्लायवूड कुठंच नाही, कडप्प्याच्या फळ्या. आणि चूक सांगतो: मुरमाचा भराव एकदमच टाकला. सहा-सहा इंचाचे थर करून, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून बसवायला पाहिजे होतं. दुसऱ्या पावसात कोपऱ्यातली फरशी बोटभर बसली. आता ती परत उकलायची आहे.

ताराबाई पार्क

वडिलांनी हौसेनं हॉल दीड फूट खोलगट केला होता, त्या वेळी तशी फॅशन होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही तो भरून सपाट केला. आज विचाराल तर सांगेन, करू नका. जमीन दीड फूट वर आली, पण खिडक्या जागेवरच राहिल्या. तीन फुटांचा कठडा दीड फुटाचा झाला, लहान मूल सहज वाकेल. सात फुटांचं बागेकडचं दार साडेपाच फुटांचं उरलं. मग दार वाढवा, लिंटेल (दारावरची आडवी तुळई) तोडा, ग्रिल नवीन करा. जे काम आठ दिवसांचं म्हणून धरलं ते गणपती उलटून दिवाळीपर्यंत चाललं. त्या खोलगट पायरीवर बसून आम्ही भावंडं पत्ते खेळायचो. ती जागा घरात आता कुठंच नाही.

जरगनगर

मी ओव्हरसियर होतो, चौतीस वर्षं साइटवर गेली. वरच्या ताईंचा हॉल जमिनीवर होता म्हणून निभावलं. खाली खोली असेल आणि स्लॅबवर कुणी असा भराव टाकत असेल तर हात जोडून सांगतो, थांबा. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून करतात. दीड फूट मुरूम तेवढ्याच जागेत ८०० किलोच्या आसपास जातो.

दुसरं, ओल. चढावरच्या घरात खालची खोली एका बाजूनं मातीत असते. आषाढात त्या भिंतीला घाम फुटतो आणि लोक आतनं वॉटरप्रूफिंगचा रंग मारतात. पाणी मागनं ढकलतंय, रंग पापुद्रे धरून सुटणारच. बाहेरनं माती उकरा, भिंतीला लेप द्या, पायाशी भोकं पाडलेला पाइप खडीत ठेवून पाणी उताराकडं काढून द्या. हे काम मार्च-एप्रिलमध्येच होतं.

तिसरं, दोन पातळ्यांच्या सांध्यावर उभी चीर असेल तर नुसती लांबी (पुट्टी) भरू नका. एक पाया मुरमावर आणि दुसरा काळ्या मातीवर असला की काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि दोन भाग वेगवेगळे हलतात. चिरेवर काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा, एक पावसाळा बघा. पट्टी तडकली तर इंजिनिअर. आणि भिंतीला हात लावण्याआधी महापालिकेची परवानगी.

न्यू जर्सी, मूळ मंगळवार पेठ

इथं आमचं घर १९६० च्या सुमाराचं, खरं अमेरिकन स्प्लिट-लेव्हल. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः पन्नास ते सत्तरच्या दशकांत, इथं अशी घरं फार बांधली गेली. छोट्या प्लॉटवर जास्त खोल्या बसायच्या.

एकच सांगावंसं वाटतं. इंटरनेटवर भिंत उडवून घर मोकळं केल्याचे जे फोटो दिसतात ते लाकडी सांगाड्याच्या घरांचे आहेत. आमची स्वयंपाकघराची भिंत म्हणजे आत लाकडी पट्ट्या आणि वर जिप्समचे तक्ते होते, भार घेत नव्हती, दोन दिवसांत गेली. इथंही मधली भिंत बघूनच काढतात. त्या फोटोंवरनं कोल्हापुरातल्या विटा-स्लॅबच्या घराचा बेत करू नका. आई इथं आली की मधल्या पातळीवरच झोपते, सोफा-कम-बेडवर. तिला वेगळी खोली देता येत नाही याची मला टोचणी आहे.

सानेगुरुजी वसाहत

थोडकंच लिहिते. आमच्या सासऱ्यांचा पाय शेवटच्या पायरीवर चुकला, खुबा मोडला. फरशी आणि पायरी एकाच पांढऱ्या रंगाची होती, कड दिसलीच नाही. आता प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंच काळी खरखरीत पट्टी, खाली-वर दोन्हीकडनं लागणारा दिवा, आणि दोन्ही हातांना कठडा. कठडा शिवाजी उद्यमनगरातनं करून आणला, गजांत चार इंचापेक्षा कमी अंतर ठेवायला सांगितलं, नातवाचं डोकं अडकायला नको. आधी हे करा. बाकीची डिझाइनं नंतर.

पाचगाव रस्ता, परत मी

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं, दिरांनाही वाचायला दिलं. पाडायचा विषय त्यांनी स्वतःहून मागं घेतला.

सासूबाईंची खोली हॉलच्या पातळीला करायची, पुढच्या व्हरांड्याची जागा घेऊन. संडास-बाथरूम तिथंच, दार तीन फुटांचं, उंबरा नाही. हे सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. रात्री मला म्हणाल्या, "पोरी, खोली दे, पण मला स्वयंपाकघरापासनं तोडू नकोस. मी भाजी निवडीन, तू खालनं दिसायला पाहिजेस."

म्हणून आर. के. नगरच्या दादांसारखं मधल्या भिंतीत भोक पाडायचं, मजबूत कठडा घालून. पट्ट्या आणि दिवे या आठवड्यातच. इंजिनिअर बुधवारी येतायत. उंची किती ठेवायची ते त्यांना सांगता यावं म्हणून आज संध्याकाळी सासूबाई भिंतीला लावून खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांच्या रेषेत स्वतःच्या हातानं खडूची खूण केली. जमिनीपासनं ४२ इंच.