एनएसी दिल्यावर कोलिनएस्टरेज सावरलेले दिसते, खरे मानावे का?

प्रश्न
विस्टार उंदरांना क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मक्याच्या तेलातून तोंडावाटे दिले. गट चार: नुसते तेल, कीटकनाशक, कीटकनाशक अधिक एन-ॲसिटिलसिस्टीन (एनएसी, एक अँटिऑक्सिडंट), नुसते एनएसी. एनएसी त्याच वेळी, त्याच नळीने. यकृतातले एमडीए (मेदांच्या ऑक्सिडीकरणाची खूण) घटले, ग्लुटाथायोन (शरीराचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट) वाढले, पण रक्तातले कोलिनएस्टरेजही (हे कीटकनाशक बंद पाडते ते एन्झाइम) बरेच सावरलेले दिसते (एलमन पद्धत, ४१२ नॅनोमीटर, दहा मिनिटांनी एकच रीडिंग). ऑक्झिम (बंद पडलेले एन्झाइम सोडवणारे औषध) दिलेले नाही. हा एनएसीचा गुण धरायचा का?

उत्तर १
इतक्यात नको. एन्झाइमच्या सेरीन या अमिनो आम्लाला चिकटलेला फॉस्फेट सोडवणे हे ऑक्झिमचे काम, अँटिऑक्सिडंटचे नव्हे. आधी रीडिंगवर संशय घ्या. डीटीएनबी (एलमन पद्धतीतले रंग देणारे रसायन) कुठल्याही मोकळ्या थायोलशी (गंधकयुक्त -SH गटाशी) जुळून पिवळे होते आणि एनएसी स्वतःच थायोल आहे. एकच रीडिंग घेतलेत तर तो पिवळेपणा एन्झाइमच्या खात्यात जमा होतो. नमुना आणि डीटीएनबी आधी एकत्र ठेवा, रंग स्थिर झाला की मगच ॲसिटिलथायोकोलिन (एन्झाइम ज्याला फोडते तो सब्स्ट्रेट) घाला, आणि दर मिनिटाची वाढ मोजा. सब्स्ट्रेट नसलेला ब्लँक (तुलनेची नळी) प्रत्येक नमुन्याला वेगळा लावा. अख्खे रक्त असेल तर ४३६ला वाचा. ४१२च्या आसपास हिमोग्लोबिन स्वतःच भरपूर प्रकाश शोषते.

ग्लुटाथायोनही डीटीएनबीनेच थेट मोजले असेल तर तो आकडाही बाद. रिडक्टेज एन्झाइम वापरणारी रिसायकलिंग पद्धत घ्या.

उत्तर २
रीडिंग खरे निघाले तरी रचनेत खोट राहतेच. दोन्ही एकदम पोटात गेल्यावर विषाचे शोषणच कमी झाले असेल, तर तो उपचार कसा? एनएसी पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने द्या, तेही लाळ आणि थरथर सुरू झाल्यावर. रुग्णही लक्षणे घेऊनच येतो. द्रावण ताजे करा आणि पीएच ७च्या आसपास आणा, नुसते विरघळवलेले एनएसी चांगलेच आम्लधर्मी असते.

ॲट्रॉपिन आणि प्रॅलिडॉक्झिम (एक ऑक्झिम) हा एक गट, त्यावर एनएसी हा दुसरा. खरी तुलना या दोघांची. मात्र ऑक्झिम एन्झाइमशिवायही ॲसिटिलथायोकोलिन फोडते, म्हणून ऑक्झिम असलेला, एन्झाइम नसलेला ब्लँक हवाच.

उत्तर ३
एमडीएबद्दल: टीबीए (एमडीएशी मिळून गुलाबी रंग देणारे रसायन) घालून तापवण्याआधी बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन) टाकले होते का? नसेल तर नळीतच नवे पेरॉक्सिडेशन (मेदांचे ऑक्सिडीकरण) होते, आणि एनएसीचा अंश तिथेच ते रोखून खोटी घट दाखवू शकतो. यकृत थंड सलाइनने रक्त निघेपर्यंत धुवा. लालसर झाक ५३२चे रीडिंग फुगवते.