मदत हवी आहे : मॉडेल लॅबमध्ये ९८ टक्के, बागेत ५८!

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. द्राक्षाच्या पानांवरचे रोग ओळखणारं मॉडेल केलंय, एम.ई.चा प्रकल्प आहे. टेस्ट अ‍ॅक्युरसी ९८.१ टक्के. निफाडकडच्या बागांतले नवे फोटो दिले की ५८. शिकवण्याच्या सेटिंग बदलून पाहिल्या : ड्रॉपआउट वाढवला, लर्निंग रेट कमी केला, इपॉक २५ चे ६० केले, ढिम्म हलत नाही. सोमवारी गाईडना दाखवायचंय. मॉडेलचा कुठला लेयर (थर) बदलू? प्लीज लवकर सांगा.

पाथर्डी_फाटा
लेयर राहू दे बाजूला. डेटा कुठला? फोटो किती, क्लास (वर्ग) किती? ट्रेनचे (शिकवायचे) आणि टेस्टचे (तपासायचे) फोटो कसे वेगळे केले? ऑगमेंटेशन (फोटो उलटे-फिरवून संख्या वाढवणं) त्याआधी की नंतर? यातलं एकही न सांगता निदान कसं करायचं?

काट्यामारुती
कॉन्व्होल्यूशनचे (चित्र तुकड्या-तुकड्याने बघणाऱ्या मॉडेलचे) दिवस गेले आता. व्हिजन ट्रान्सफॉर्मर घ्या, आधीच शिकवलेला. पूर्ण पान एकदम बघतो.

गंगापूररोडकर
डेटा नेहमीचाच आहे. चार क्लास : डावणी, भुरी, करपा, निरोगी. मॉडेल एफिशियंटनेट-बी० (कॉन्व्होल्यूशनवालंच), २२४ पिक्सेलचा इनपुट. ऑगमेंट करून ९,२०० फोटो केले आणि ८०:२० रँडम विभागणी.

पाथर्डी_फाटा
सापडली पहिली गळती. आधी ऑगमेंट आणि मग विभागणी, म्हणजे एकाच पानाचं सरळ चित्र ट्रेनमध्ये आणि उलटं-फिरवलेलं टेस्टमध्ये. पेपर आधीच फुटलाय. क्रम असा ठेवा : मूळ फोटो ट्रेन-टेस्टमध्ये वेगळे करा, मग फक्त ट्रेनचे वाढवा. मूळ फोटोंतही एकाच पानाचे चार-पाच शॉट असतील. त्यांचा परसेप्च्युअल हॅश (चित्राचा ठसा) काढून जवळजवळ सारखे असलेले एका गटात बांधा आणि सायकिट-लर्न लायब्ररीतला ग्रुप के-फोल्ड (गट न फोडता विभागणी) वापरा. गट शक्यतो बागेनुसार.
आणि 'नेहमीचाच डेटा' म्हणजे प्लँटव्हिलेज (पानांच्या फोटोंचा खुला संच) का? त्यात द्राक्षाचे क्लास काळी कूज, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी एवढेच. डावणी-भुरी त्यात नाहीच. मग तुमची कुठून आली?

गंगापूररोडकर
रोगट पानं माझीच : दिंडोरी, ओझर, पिंपळगाव अशा तीन बागांतून ७२७. निरोगी तेवढी प्लँटव्हिलेजमधून घेतली, ४२३. ती तयार मिळतात, म्हणून वेगळी काढली नाहीत.

इंदिरानगरी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. प्लँटव्हिलेजची पानं तोडून एकरंगी कागदावर ठेवून काढलेली आहेत. तुमची रोगट पानं वेलीवर, मागे तारा, माती, आभाळ. मॉडेल एवढंच शिकलं : मागे साधा कागद म्हणजे निरोगी. पान बघायची त्याला गरजच नाही.
हा धोका जुना आहे. २०१६ मध्ये मोहंती आणि सहकाऱ्यांच्या पेपरात याच संचावर ९९.३५ टक्के आले होते, वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर ३१.४. २०२२ मध्ये नोयान यांनी पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल घेऊन ३८ क्लासमध्ये ४९ टक्के मिळवून दाखवले.
कन्फ्यूजन मॅट्रिक्स (कुठला क्लास कशात गेला त्याचा तक्ता) टाका. नुसत्या ५८ वरून काही कळत नाही.

रविवारकारंजा
बागेचे फोटो ओपनसीव्हीने वाचताय का? तो रंग बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमाने देतो, केराजचा लोडर आरजीबी (लाल-हिरवा-निळा). लाल-निळा अदलाबदल झाला की डावणीचा पिवळसर डाग निळसर-हिरवा दिसतो. केराजमधल्या एफिशियंटनेटच्या आतच रीस्केलिंग (पिक्सेलचे आकडे लहान करणं) आहे हेही बघा. बाहेर पुन्हा २५५ ने भागलं तर सगळं काळंकुट्ट जातं.

गंगापूररोडकर
पीआयएलने (तीही आरजीबी देते) वाचतेय, २५५ ने भागत नाही. निफाडचे २०० फोटो, मॅट्रिक्स असा :
डावणी ६० पैकी ४६ बरोबर, भुरी ५० पैकी ३८, करपा ४० पैकी २८.
निरोगी ५० पैकी ४. चुकलेल्या ४६ पैकी ३१ भुरीत गेले.

इंदिरानगरी
आलं ना पुढ्यात. रोग तीनही सत्तर टक्के किंवा वर, निरोगी झोपलंय. रंगाची अदलाबदल असती तर आधी डावणी पडली असती.

बोर्डो_मिश्रण
संगणकातलं कळत नाही, पण ३१ भुरीत का गेले ते सांगतो. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारलेल्या पानावर निळसर-पांढरे डाग वाळतात. थेंब ओघळून कडेला आणि टोकाला जमतो, तिथे डाग दाट. भुरी राखेसारखी, पानावर कुठेही, बोटाने पुसली जाते. प्लँटव्हिलेजच्या स्वच्छ पानांवर बोर्डो कुठून येणार? आणि डावणीचे फोटो कुठल्या बाजूचे? वरून नुसता तेलकट डाग, पांढरी बुरशी खालून.

काट्यामारुती
सोपं आहे. पार्श्वभूमी कापून टाका. प्लँटव्हिलेजची सेगमेंट केलेली (पान तेवढं कापलेली) आवृत्तीही मिळते. मग ट्रान्सफॉर्मर.

पाथर्डी_फाटा
कापल्यानं कागद जातो. स्टुडिओचा उजेड, पानाचा चपटेपणा, कापलेली कड तशीच राहते, मॉडेल तेच धरतं. आणि १,१५० फोटोंवर ट्रान्सफॉर्मर लावला तर तीच पळवाट तो जास्त महागात शिकेल.

काट्यामारुती
आधीच शिकवलेला म्हटलं होतं मी. वाचत जा.

पाथर्डी_फाटा
वाचलं. त्यानं डेटा बदलत नाही.

सिडको_त्रिमूर्ती
पेपर कुठे पाठवणार? यूजीसीची केअर यादी (मान्य संशोधन नियतकालिकांची) बंद झाल्याचं २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, त्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा.

इंदिरानगरी
विचारलंय काय, चाललंय काय. ताई, अर्ध्या तासाची चाचणी करा. प्रत्येक फोटोचा मधला भाग काळा करून कडेची २० पिक्सेलची पट्टी तेवढी ठेवा आणि त्यावर मॉडेल शिकवा. पार्श्वभूमीत काही नसेल तर २५ टक्क्यांच्या आसपास यायला हवं.

रविवारकारंजा
२५ नाही. ११५० पैकी ४२३ निरोगी, म्हणजे सगळ्यांना 'निरोगी' म्हणत बसलं तरी जवळजवळ ३७ येतात. तुलना त्याच्याशी.

गंगापूररोडकर
चालवली. विभागणी आधी केली, ऑगमेंट नंतर. पट्टीवर ७९ टक्के 😶

इंदिरानगरी
आता निरोगी वगळून उरलेल्या तिघांवर तीच पट्टी. आणि कुठल्या बागेतून कुठला रोग आला, तेही सांगा.

गंगापूररोडकर
तिघांवर ६८. दिंडोरीत बहुतेक डावणी, ओझरला भुरी, करपा पिंपळगावचा.

पाथर्डी_फाटा
म्हणजे बाग ओळखली की रोग ओळखला. बागेनुसार विभागणी मीच सुचवली होती, पण इथे ती चालणार नाही : दिंडोरी बाजूला काढली की ट्रेनमध्ये डावणीच उरत नाही. प्रत्येक बागेत चारही क्लास हवेत, नवे फोटो काढल्याशिवाय सुटका नाही.

इंदिरानगरी
सहमत. काढायचे असे : रोगट पान ज्या वेलीवर, तिच्याच शेजारच्या वेलीचं निरोगी पान, त्याच दिवशी, त्याच फोनवर. निरोगीत बोर्डोचे डाग पडलेली पानं मुद्दाम घ्या. एका वेलीचं एकच पान, वरची आणि खालची बाजू, दोन्ही फोटो एकाच गटात. फाईलच्या नावात बाग-ओळ-वेल-बाजू-तारीख.
पानाने चौकट भरली पाहिजे. चौकटीत ६० सेंटीमीटर रुंदी आली तर २२४ पिक्सेलमध्ये एक पिक्सेल जवळजवळ २.७ मिलीमीटरचा होतो आणि करप्याचा बारीक ठिपका एका पिक्सेलमध्ये संपतो. १५ सेंटीमीटर आली तर ०.६७ मिलीमीटर. तुमचा करपा ४० पैकी २८ का, त्याचं उत्तर यातही असू शकेल.
लेबल दोघांनी स्वतंत्रपणे लावा आणि कोहेनचा कॅपा (दोघांचं किती जुळतं त्याचं माप) काढा. जमल्यास पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारा.

गंगापूररोडकर
एवढं सोमवारपर्यंत होणार नाही. मग ९८ दाखवू की नको?

रविवारकारंजा
दाखवा, पण एकटं नको. शेजारी ५८, मॅट्रिक्स आणि पट्टीचे ७९. २०० फोटोंवर ५८ म्हणजे साधारण ±७, तेही फोटो एकमेकांपासून स्वतंत्र मानले तर. ते मोजक्याच बागांतले आहेत, खरा पट्टा याहून रुंद असणार, म्हणून बूटस्ट्रॅप (पुन्हा पुन्हा नमुने निवडून पट्टा मोजणं) बागेनुसार घ्या. अ‍ॅक्युरसीबरोबर मॅक्रो-एफ१ (सगळ्या क्लासना सारखं वजन देणारं माप) लिहा, निरोगीचा खड्डा त्यात दिसेल.

काट्यामारुती
नवा डेटा आला की ट्रान्सफॉर्मर लावून बघा हो. सांगून ठेवतो.

सिडको_त्रिमूर्ती
जीपीयू कुठला वापरताय?

बोर्डो_मिश्रण
सकाळी लवकर जाऊ नका, पानावर दव असतं आणि फोटोत थेंब चमकतात. आणि आत शिरण्याआधी फवारणी कधी झाली ते मालकाला विचारा. कालच झाली असेल तर दोन दिवस थांबा.