नाताळच्या नाटकात लुसिफर हवाच कशाला?

सदरकर
आमच्या चर्चच्या तरुण संघाचं यंदाचं नाताळचं नाटक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मरीया, योसेफ, मेंढपाळ, पूर्वेकडचे ज्ञानी मागी लोक, सगळं नेहमीचं. पण पोरांना सुरुवातीलाच एक प्रवेश पाहिजे: स्वर्गातला सगळ्यात देखणा देवदूत लुसिफर बंड करतो, मीखाएल त्याला खाली लोटतो, धूर, लाल लाईट, डीजे. मी नाही म्हटलं. डीजेमुळे नव्हे. ही गोष्ट अशी सलग बायबलमध्ये कुठेच नाही म्हणून.

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १४वा अध्याय उघडा. 'तू आकाशातून कसा पडलास' या ज्या वचनावर हा डोलारा उभा आहे ते बाबेलच्या राजाला हिणवणाऱ्या गाण्यातलं आहे. चौथ्या वचनात तसं सरळ लिहिलंय. हिब्रूत शब्द आहेत 'हेलेल बेन शहर', म्हणजे चमकणारा, पहाटेचा लेक. आपली शुक्राची चांदणीच. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम या ख्रिस्ती विद्वानानं बायबलचं लॅटिन भाषांतर केलं तेव्हा त्या चांदणीचा लॅटिनमधला साधा शब्द वापरला: लुसिफर, उजेड आणणारा. १६११च्या इंग्रजी बायबलनं तो तसाच ठेवला आणि लोकांनी त्याचं नाव करून टाकलं. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तर तो शब्दच नाही, तिथे 'प्रभातपुत्र' आहे. मग मराठीत शास्त्र वाचणाऱ्या पोरांनी लुसिफर आणला कुठून? मोबाईलमधून.

आणि त्याच लॅटिन बायबलमध्ये, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, 'तुमच्या अंतःकरणात प्रभाततारा उगवेपर्यंत' या अर्थाचं वचन आहे, तिथेही हाच शब्द आहे. चांगल्या अर्थानं! चौथ्या शतकात सार्डिनियात लुसिफर नावाचे एक बिशपही होऊन गेले. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

पाळकाचा_धाकटा
दादा, सलग नाही म्हणजे गोष्टच नाही, असं कसं? पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, यासाठीचा 'त्रैक्य' हा शब्दही बायबलमध्ये नाही. तोही काढायचा का?

लूक १०:१८ बघा. सैतानाला विजेसारखं आकाशातून पडताना पाहिलं, असं खुद्द प्रभू म्हणतात. यहूदाचं पत्र बघा, आपलं स्थान सोडलेले देवदूत अंधारात बेड्यांत ठेवलेत. पेत्राचं दुसरं पत्रही तेच सांगतं. प्रकटीकरणाच्या १२व्या अध्यायात मीखाएल आणि त्याचे दूत अजगराशी लढतात, आणि 'जुना साप' म्हणजे सैतान, हेही तिथेच लिहिलंय. आता जेरोमचं. त्याच्या दीडशे वर्षं आधी ओरिगेन हा ख्रिस्ती लेखक यशयाचं तेच वचन सैतानाला लावत होता. आणि तो ग्रीकमध्ये लिहायचा, म्हणजे हा लॅटिन शब्द त्याच्यासमोर नव्हताच. तेव्हा भाषांतराच्या चुकीमुळे गोष्ट तयार झाली हे तुमचं म्हणणं टिकत नाही. गोष्ट आधीपासून होती, नाव नंतर चिकटलं.

सदरकर
ओरिगेनचा मुद्दा मान्य. तेवढं मी घाईत लिहिलं. पण प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिननं यशयावर लिहिताना हे वचन सैतानाला लावणं म्हणजे निव्वळ अज्ञान आहे, असं झाडलंय. आपण सगळे कॅल्व्हिनच्याच घराण्यातले, मिशनरी हिस्लॉपसाहेब स्कॉटलंडहून १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हापासून. निदान घरच्या म्हाताऱ्याचं तरी ऐका.

आणि प्रकटीकरण नीट वाच. आधी ती स्त्री प्रसवते, बाळ वर देवाकडे नेलं जातं, मग युद्ध. म्हणजे त्या अध्यायाच्या हिशेबानं लढाई ख्रिस्ताच्या जन्मानंतरची आहे. पोरांना धूर सोडायचाच असेल तर शेवटी सोडा, गव्हाणीनंतर. पहिल्या प्रवेशात नाही.

पाळकाचा_धाकटा
हे मात्र लक्षात आलं नव्हतं. पण प्रकटीकरण कॅलेंडर लावून वाचायचं पुस्तक नाही. आणि मग एदेन बागेत साप कोण होता? तो पडल्याशिवायच तिथे पोचला?

चितारओळ
मी हिंदू आहे, मधेच तोंड घालतो, माफ करा. आमच्या नागपूरच्या महाल भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी अन् पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, निघतात, बडगे नावाचे पुतळेही निघतात, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळी रोगराई, महागाई तिच्यासंगं गावाबाहेर जाते. तुमचा सैतान म्हणजे असाच न? सगळं वाईट एकाच्या डोक्यावर टाकायचं अन् वाजतगाजत जाळून मोकळं व्हायचं. मग काहून एवढं भांडून राहिले बे?

सेमिनरी_हिल्सची_मावशी
चितारओळ, मारबत मीही लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलीय. उपमा छान, पण उलटी. मारबत आपण बनवतो, वर्षभराचं वाईट आपणच तिच्यावर चढवतो. सैतान देवानं निर्माण केला, आणि चांगला निर्माण केला. हे चर्चनं १२१५ मध्ये रोमच्या लॅटरन परिषदेत लिहून ठेवलं: सैतान आणि इतर भुतं स्वभावतः चांगलीच निर्माण झाली, स्वतःच्या करणीनं वाईट झाली. त्या काळी युरोपात एक पंथ सांगत होता की एक चांगला देव, एक वाईट देव, दोघं बरोबरीचे. त्याला हे उत्तर होतं. वाईटाचा वेगळा देव नाही. बिघडलेलं चांगलं, एवढंच.

आता सदरकर, तुम्हाला. आम्ही कॅथलिक, म्हणून थोडं वेगळं बोलते. लुसिफर काढा, माझी हरकत नाही. चर्चनंही देवदूतांच्या नावांचा बाजार फार पूर्वी बंद केलाय. ७४५ मध्ये रोमच्या सभेनं एका भोंदू प्रचारकाची प्रार्थना तपासली, तिच्यात देवदूतांची भलभलती नावं होती, ती सगळी फेटाळली. मायकल (तुमचा मीखाएल), गॅब्रिएल, राफाएल, बस. त्यातला राफाएल ज्या तोबीतच्या पुस्तकात येतो ते तुमच्याकडे शास्त्रात धरत नाहीत, म्हणून तुमचे दोनच.

पण देवदूत काढू नका हो. माझी आई रोज रात्री लाईट बंद करताना आमच्याकडून राखणदार दूताची प्रार्थना म्हणून घ्यायची. उशीची एक बाजू रिकामी ठेवायची, 'तो तिथे बसतो' म्हणून. शास्त्र म्हणाल तर मत्तय १८:१०. पण माझ्यासाठी ती उशीची बाजूच पुरेशी आहे. आजही मी भिंतीकडे सरकूनच झोपते.

मोमिनपुरा_कटिंग
अस्सलाम. आमच्याकडे देवदूत, म्हणजे फरिश्ते, नाफर्मानी, म्हणजे आज्ञाभंग, करूच शकत नाहीत. इब्लीस, म्हणजे सैतान, जिन्न होता, कुराणात सूरह कहफमध्ये साफ आहे. आदमसमोर झुकायला नाही म्हणाला, 'मी आगीचा, हा मातीचा'. म्हणून 'पडलेला देवदूत' हे ऐकायलाच जरा विचित्र वाटतं.

सदरकर
भाई, आदमपुढे न झुकण्याची हीच गोष्ट जुन्या ख्रिस्ती-यहुदी वाङ्मयातही आहे, 'आदम आणि हव्वेचं जीवन' नावाच्या ग्रंथात. बायबलमध्ये तो घेतलेला नाही. हनोखच्या पुस्तकात तर कारणच वेगळं आहे: देवदूत माणसांच्या पोरींवर भाळले म्हणून पडले. ते पुस्तक इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च आजही शास्त्र मानतं. म्हणजे पडण्याची कारणं तीन: गर्व, मत्सर, वासना. पोरांना कुठलं दाखवू? एका प्रवेशात तिन्ही बसवली तर मराठी सिरीयल होईल.

संत्र्याचं_साल
मी चर्च सोडून बरीच वर्षं झाली, तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाही. माणूस मरेपर्यंत चुका करतो आणि शेवटच्या श्वासाला क्षमा मागू शकतो. येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला मिळाली. देवदूतानं एकदा चूक केली की कायमचा नरक? सगळ्यात हुशार प्राणी आणि त्यालाच दुसरी संधी नाही? हा कुठला न्याय? नाटक लिहायचंच तर यावर लिहा.

सेमिनरी_हिल्सची_मावशी
हुशार आहे म्हणूनच. मध्ययुगातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांचं म्हणणं असं: आपण निर्णय घेतो तो अर्धवट माहितीवर, म्हणून नंतर पस्तावतो. देवदूताला शरीर नाही, तो विचार करत करत पायरी-पायरीनं पोचत नाही, सगळं एकदम दिसतं. सगळं बघून, समजून एकदा 'नाही' म्हटलं, मग पस्तावायला नवीन काय कळणार? दमास्कसचा योहान या जुन्या धर्मपंडितानं हेच थोडक्यात सांगितलं: माणसाला मरण जसं, तसं देवदूताला पतन.

संत्र्याचं_साल
मावशी, उत्तर चोख आहे, पण थंड आहे. सगळं दिसत होतं तर 'नाही' म्हणालाच कसा? आणि ज्याचं नाव धाकट्यानं घेतलं त्या ओरिगेनच्या लिखाणातून लोकांनी आशा काढलीच होती न, की शेवटी सगळे परत येतील, सैतानसुद्धा.

पाळकाचा_धाकटा
आणि सहाव्या शतकात त्याच्या नावावरची ती शिकवण धिक्कारली गेली. मी परवा ओरिगेनचं नाव मोठ्या ऐटीत घेतलं, आता तोच माझ्या अंगावर आला. पण 'नाही म्हणालाच कसा' याला माझ्याकडे उत्तर नाही. बाबांना विचारलं. ते म्हणाले, संत ऑगस्टीनसारखा विद्वानही इथेच अडकला होता, तू आधी जेव.

चितारओळ
😂 बाबा भारी आहेत.

सेमिनरी_हिल्सची_मावशी
एक राहिलंच. नाटकात कुणीतरी मेलेलं बाळ 'देवदूत झालं' असं दाखवू नका. मागच्या महिन्यात कब्रस्तानात एका लहानगीच्या दगडावर पंख कोरलेले पाहिले. आईबापाचं दुःख समजतं, त्यांना मी काही बोलणार नाही. पण माणूस मेल्यावर देवदूत होत नाही, माणूसच राहतो. देवदूत हे वेगळेच, शरीर नसलेले. पौल तर करिंथकरांना म्हणतो की आपण देवदूतांचा न्याय करणार आहोत. ती लहानगीसुद्धा.

सदरकर
मावशी, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहिता आलं नाही.

ठरलं ते असं. लुसिफर हे नाव नाही. लढाई नाही. साप सुरुवातीला फक्त एकदा रंगमंचावरून सरपटत जाईल, संवाद नाही. ज्याला लुसिफर व्हायचं होतं तो आता साप आहे आणि माझ्याशी बोलत नाही. गॅब्रिएलला पंख लावायचे का, यावर दुसरा धागा काढावा लागेल. अब्राहामाकडे जेवायला आलेल्या तिघांना पंख असल्याचं कुठे लिहिलेलं नाही, यशयाला दिसलेल्या सराफ नावाच्या स्वर्गीय दूतांना मात्र सहा-सहा.

सेमिनरी_हिल्सची_मावशी
पंख लावा हो. आमच्या सोसायटीच्या नाटकातला जुना ड्रेस आहे, पांढरी चादर, वर कापसाचे पंख. डाव्या पंखाचा कापूस उंदरानं खाल्लाय, तेवढा भरून घ्या. पोराची उंची कळवा, शनिवारी देते.