मोलेचं जंगल चित्रांनी वाचवलं की कागदांनी?

रानभूल

गेल्या आठवड्यात घरी जेवताना विषय निघाला आणि मेहुणे म्हणाले, "तुमचं इन्स्टावरचं समाजकार्य म्हणजे ढग फार, पाऊस नाही." मी ग्राफिक डिझायनर. आजोळ फोंड्याचं, राहते पुण्यात. ताटावर वाद नको म्हणून गप्प बसले, आता इथे बोलते.

माझ्यापुढचं उदाहरण मोलेचं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोव्याच्या पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीला लागून भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान आहे, मिळून साधारण २४० चौरस किलोमीटर. दूधसागर त्यातच. या जंगलातून तीन कामं एकदम जायची होती: तिनईघाट ते वास्को रेल्वेमार्गाचं दुपदरीकरण, ४०० केव्हीची वीजवाहिनी आणि बेळगाव-पणजी महामार्गाचं चौपदरीकरण. यातल्या काही मंजुऱ्या एप्रिल २०२० मध्ये, सगळा देश घरात कोंडलेला असताना, व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाल्या. सभा घ्यायची नाही, मोर्चा काढायचा नाही. हातात काय, तर फोन.

मग 'आमचें मोलें' या नावाने लोक जमले. शास्त्रज्ञ, वकील, विद्यार्थी आणि चित्रकार. शेकरू, उडता सरडा, रानातली बुरशी, कुणी काय काय काढलं. ती चित्रं सुंदर होतीच, पण माझा मुद्दा त्यांच्याबद्दल नाही. मला हलवलं ते एका साध्या नकाशाने. एक हिरवा आकार आणि त्यातून जाणाऱ्या तीन रंगांच्या तीन रेघा.

बघा ना, रेल्वेची फाईल वेगळी, विजेची वेगळी, रस्त्याची वेगळी. प्रत्येक फाईलमध्ये जंगलाचा एक चिंचोळा तुकडा, आणि तेवढ्याने काय बिघडतं असंच वाटावं. तिन्ही फायली एकमेकींशेजारी ठेवून बघणं हे कुठल्याच टेबलाचं काम नव्हतं. नकाशाने ते काम केलं. माहिती नवीन नव्हती, सगळी सरकारी कागदांतच होती. फक्त ती एका नजरेत मावत नव्हती, ती मावली.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. एकट्या चित्रांनी हे झालं असं मी म्हणणार नाही. पण चित्रं नसती तर तिथवर पोचलो असतो का?

फाईलवाला

लेखन चांगलं, निष्कर्षाशी असहमत.

तीस वर्षं कोर्टाच्या आवारात काढली आहेत, म्हणून क्रम सांगतो. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने अर्ज केला. प्रकरण केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे, म्हणजे वनविषयक प्रकरणं तपासणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीकडे गेलं. समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये आला. दुपदरीकरणाला सबळ कारण दिसत नाही, पश्चिम घाटाच्या नाजूक भागाचं नुकसान मात्र नक्की होईल, असा त्याचा सूर. विजेबाबत सांगितलं की आधीपासून असलेल्या २२० केव्हीच्या पट्ट्यातूनच न्या, नवा पट्टा पाडू नका. त्यावर ९ मे २०२२ चा निकाल. या साखळीत लाइक कुठे बसतात?

तुमचा नकाशा छान आहे हो, पण अर्जात मुदत, कलम आणि परिशिष्ट लागतं. ज्यांनी माहिती अधिकारात कागद काढले, झेरॉक्सच्या दुकानात उभे राहिले, त्यांचं नाव कुणी घेत नाही, कारण त्यांचं चित्र निघत नाही.

रुळाकडेचा

मी कासावलीकडचा. आमचं घर रुळाला लागून. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला रुळांवर बसलो होतो, हजारो माणसं होती. मध्यरात्र उलटून गेली तरी लोक उठेनात.

तिथे कुणी इन्स्टा बघून आलं असेल, नाही असं नाही. पण मला कळलं ते व्हॉट्सॲपवर, शेजारच्या आजीच्या व्हॉइस मेसेजने. तिला फोनमध्ये तेवढंच येतं. आणि आम्ही बसलो ते शेकरूसाठी नव्हे, कोळशासाठी. मुरगावच्या बंदरात उतरणारा कोळसा आमच्या दारावरून जातो. 'गोंयांत कोळसो नाका' हे २०२० च्या आधीपासून गावागावांत चालू होतं, बैठका घेऊन, खुर्च्या मांडून.

फाईलवाले साहेब, तुमच्या साखळीत ती रात्रही नाही बरं का.

फाईलवाला

मान्य. ती निकालपत्रात येत नाही, पण घडली.

नसती_उठाठेव

आता मी जरा मीठ टाकतो.

रानभूल ताई, मुंबईतलं आरे आठवतं का? २०१९. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी २,६४६ झाडांचा प्रश्न, त्यातली काही पुनर्रोपणाला, बाकी तोडायला. त्या वर्षी माझ्या फोनवर आरेची इतकी चित्रं आली की मेमरी भरली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं तेव्हा दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. मग सरकार बदललं, कारशेड कांजूरला निघाली. पुन्हा सरकार बदललं, पुन्हा आरेत आली. आज तिथून मेट्रो धावते आणि चित्रं काढणारे तिच्यातून ऑफिसला जातात. (मीही जातो. एसी उत्तम आहे.)

तिथे चित्रं कमी पडली होती का? का मोलेत यश आलं म्हणून श्रेय चित्रांना, आणि आरेत नाही आलं तर दोष कोर्टाला?

दुसरं. चित्रात काय घालता यापेक्षा काय गाळता ते बघा. गोव्याची वीज जवळपास सगळी राज्याबाहेरून येते. हे वाक्य तुमच्या हिरव्या नकाशावर कुठे होतं? आणि आकडे तर विचारूच नका. आरेच्या वेळी मला आलेल्या एका फॉरवर्डमध्ये झाडं 'लाखो' होती. लाखो! कारशेडच्या तीसेक हेक्टरांत लाखो झाडं उभी करून दाखवा, मी स्वतः मिठी मारायला येतो.

रानभूल

आरेचा वार बरोबर बसला. त्याला माझ्याकडे नेमकं उत्तर नाही. एवढंच वाटतं की आरेत भांडण कारशेड इथे का तिथे यावर गेलं आणि ते शेवटपर्यंत राजकीय पक्षांच्या हातात राहिलं. मोलेत आधी विचारलेला प्रश्न होता, "हे हवंय कशाला?" समितीनेही रेल्वेबाबत तेच विचारलं.

विजेचं वाक्य नकाशावर नव्हतं, खरं आहे. असायला हवं होतं. उलट त्यामुळे आमचीच बाजू पक्की झाली असती, कारण वीज नको असं कुणाचंच म्हणणं नव्हतं, जुन्या पट्ट्यातून आणा एवढंच होतं.

'लाखो'बद्दल मात्र मी तुमच्यापेक्षा जास्त चिडते. फुगवलेला एक आकडा सापडला की समोरचा बाकीचे नऊ खरे आकडे वाचतच नाही. मी माझ्या प्रत्येक कार्डाच्या तळाशी कुठल्या कागदातलं, कुठल्या पानावरचं ते लिहिते. लोक शेअर करताना तोच भाग कापतात. चौकोनात बसत नाही म्हणे.

बांधावरून

नगर जिल्ह्यातून लिहितोय. तुमचं जंगल आणि मेट्रो मी पाहिलेली नाही, पण चित्राने निर्णय होतो का याचं उत्तर आमच्या जिल्ह्यात आहे.

हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला ते मोजायचं, जमिनीत किती मुरलं, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलं त्यात रब्बीला काय घ्यायचं. ग्रामसभेत सगळ्यांसमोर. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरचा मुलूख. ऊस बंद, शेतीला बोअर बंद. पोपटराव पवारांना २०२० चा पद्मश्री मिळाला तेव्हा शहरातले लोक टाळ्या वाजवत होते ते ठीक, पण खरी गंमत त्या हिशेबात आहे. इन्फोग्राफिक म्हणायचं तर म्हणा, आम्ही हिशेबच म्हणतो.

तिथे तो चालतो, कारण वाचणाराच पेरणारा आहे. बेरीज चुकली तर त्याचीच विहीर आटते. तुमच्या पोस्टी वाचणाऱ्याच्या हातात काय असतं? अंगठा. तोही वर सरकवायला.

नसती_उठाठेव

बांधावरून, तुम्ही रोज लिहीत जा.

आकडेमोड

थोडं जुनं सांगते, शिकवते म्हणून सवय आहे.

क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंची आकृती फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये काढली. पाकळ्यांसारखे बारा महिने, आणि निळ्या रंगात टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले सैनिक. निळा इतका पसरलेला की जखमांनी मेलेले कोपऱ्यात दिसावेत. तक्ते आधीपासून होते, पण तक्ता बघून कुणाच्या पोटात गोळा येत नाही. लष्करी इस्पितळांच्या सुधारणेसाठी ती जी खटपट करत होती, त्यात हे चित्र तिचं हत्यार होतं. म्हणजे रानभूल म्हणतात ते नवं खूळ नाही, दीडशे वर्षांहून जुनं आहे.

फाईलवाला

बाई, माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत. ते चित्र राणीपर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत पोचवलेलं होतं, फॉलोअर्सना नव्हे. सही कोण करणार हे तिला माहीत होतं. आजचं पोस्टर कुणाला उद्देशून असतं? "सर्वांना". सर्वांना लिहिलेला अर्ज आमच्याकडे आवक-जावकमध्येही नोंदत नाहीत.

आकडेमोड

अर्धं मान्य. पण मंत्र्याला सही करायला लाज वाटली पाहिजे, त्यासाठी गल्लीत चर्चा लागते. सॅनिटरी नॅपकिनवरचा १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये गेला तो काय नुसत्या अर्जांनी? वर्षभर त्या विषयावर मुलींनी पोस्टी टाकल्या, कार्टूनं काढली. ज्या घरात तो शब्द कुजबुजत बोलत, तिथे टीव्हीसमोर बसून बोलायला लागले.

उलटंही होतं हे कबूल करते. २ जून २०२० ला अमेरिकेतल्या 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या वर्णद्वेषविरोधी आंदोलनाला पाठिंबा म्हणून लाखो लोकांनी इन्स्टावर काळे चौकोन टाकले. आंदोलनाचाच हॅशटॅग वापरून. झालं काय, तर निदर्शनं कुठे आहेत, मदत कुठे मिळेल हे शोधणाऱ्यांना नुसता अंधार दिसला.

ऐकतोय

माझा प्रतिसाद छोटा आहे. मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. हा सगळा धागा मी ऐकला, नीट कळला. रानभूल यांची कार्डं मला येतात तेव्हा फोन म्हणतो: "चित्र". मोलेबद्दल मला आज पहिल्यांदा कळलं, आणि तेही तुम्ही ते इथे अक्षरांत लिहिलंत म्हणून.

रानभूल

हे वाचून गप्प झाले. पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राचं अक्षरांतलं वर्णन, टाकायची सोय असते, मला माहीत आहे, मी टाकत नाही. घाई असते, हे कारण म्हणून लिहायलाही ओशाळं वाटतंय. जुनी कार्डं काढून बसते.

दोन_बोटं_मराठी

भाषेचं कुणी बोललंच नाही म्हणून मी.

त्याच २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या (प्रकल्पाने निसर्गाचं काय होईल ते आधी तपासण्याच्या) नव्या अधिसूचनेचा मसुदा आला, इंग्रजीत आणि हिंदीत. हरकती मात्र देशभरातून मागवलेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जूनला सांगावं लागलं की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत भाषांतर करा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. तोवर मराठीत जे काही फिरलं ते पोराटोरांनी रात्री जागून केलेली कार्डं. त्यांचे उपकार आहेतच, पण काही वाचून मी हसून लोळलो. 'हॉटस्पॉट' (जीवजाती विपुल, पण धोक्यात असलेला प्रदेश) याचं 'उष्णबिंदू'. 'जैवविविधतेचा उष्णबिंदू'! माझ्या वडिलांनी विचारलं, "म्हणजे तिथे वणवा लागलाय का?"

इंग्रजीत आधी विचार करायचा, चौकोन आखायचा आणि मग त्या चौकोनात मराठी कोंबायची, ही खरी अडचण. मराठी वाक्य लांब होतं, अक्षर बारीक करतात, मग वडील चष्मा शोधतात आणि तोवर कार्ड पुढे गेलेलं असतं.

अवांतर: 'लिनियर प्रोजेक्ट'ला 'रेषीय प्रकल्प' म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग. "जंगलातून आरपार जाणारा रस्ता-रूळ-तारा" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

रानभूल

'उष्णबिंदू' माझा नाही, शपथ. 'रेषीय' माझा आहे.

रुळाकडेचा

सगळे हसताय, हसा. माझं एक राहिलं होतं.

मे २०२२ चा निकाल आला तेव्हा जिंकलो म्हणून आम्हालाही मेसेज आले. पण मंजुरी रद्द झाली ती जंगलातल्या पट्ट्याची. रेल्वेला नव्याने अभ्यास करून प्रस्ताव आणायची मुभा कोर्टाने ठेवलीच. आणि आमच्याकडे, वेळसांव-कासावलीकडच्या वस्त्यांत, त्यानंतरही दुसऱ्या रुळाचं काम थांबलं नाही. लोक पुढेही रस्त्यावर आलेच. तेव्हा मात्र चित्रं फार आली नाहीत.

म्हणून रानभूल ताई, तुमच्या नकाशाबद्दल एक विचारतो. हिरवा आकार संपला की तिथे रेघाही संपत होत्या का?

रानभूल

हो. जंगलाच्या हद्दीवर कापल्या होत्या. तीच तर फ्रेमची कड होती.

फाईलवाले काका, एक विचारू? रेघा वास्कोपर्यंत नेऊन, गावांच्या नावांसकट नकाशा केला तर तो कुणाला लिहायचा?

फाईलवाला

आधी पंचायतींना. आणि उत्तर दिशा, प्रमाण, तारीख टाका. तुमच्या त्या कलात्मक नकाशांवर ते कधीच नसतं. मग परिशिष्ट म्हणून लावता येतो. चित्र म्हणून नाही, परिशिष्ट म्हणून, हे लक्षात ठेवा.

रानभूल

रुळाकडेचा, घराचा एक फोटो पाठवाल का?

रुळाकडेचा

पाठवतो. घर कौलारू आहे, तुम्ही लोक लगेच देखणं काढता. तसं नको. अंगण आणि रूळ यांच्यामध्ये किती हात जागा उरते, ते दिसलं पाहिजे. उद्या मोजून आकडापण देतो.