खोकला थांबला म्हणजे टीबी गेला असं नाही

"वडिलांचा खोकला दोन महिन्यांत थांबला, वजनही वाढलं, मग सहा महिने गोळ्या कशाला?" हा प्रश्न आमच्या घरातही निघाला होता. काका इथंच सोलापुरात यंत्रमागावर कामाला. बरं वाटताच त्यांनी गोळ्या सोडल्या आणि काही महिन्यांतच खोकल्यातून रक्त पडायला लागलं.

जंतू लपतो कुठं, ते बघा. फुफ्फुसातली मॅक्रोफेज ही आपलीच राखणदार पेशी त्याला गिळते. पेशीच्या आत तो एका पिशवीत अडकतो. त्या पिशवीला पाचक रसाची पिशवी, म्हणजे लायसोसोम, येऊन मिळाली की तो संपायला हवा. क्षयाचा जंतू ते मिळणंच रोखून धरतो. राखणदाराच्याच घरात मुक्काम! त्यातले काही वाढ जवळजवळ थांबवून पडून राहतात, आणि बरीच औषधं वाढत्या जंतूंवरच जास्त चालतात. पायराझिनामाइड हे औषध असे जंतू दडतात त्या आम्लधर्मी (आंबट) जागेत काम करतं, म्हणून ते सुरुवातीचे दोन महिने देतात. मागं उरलेल्या चिवट जंतूंसाठी रिफाम्पिसिन पुढंही लागतंच.

वडिलांना आत्ता थांबू देऊ नका. गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.