ट्रेलरची पहिली काही सेकंदे

व्हिडिओ गेमच्या ट्रेलरची सुरुवात स्टुडिओच्या बोधचिन्हाने आणि कथेच्या निवेदनाने करावी, असे काही जण सुचवतात, पण मला ते पटत नाही. स्टीम या संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळ चाळणारा माणूस एका पानावर फार रेंगाळत नाही आणि पुष्कळदा आवाज बंद ठेवूनच चित्रफीत पाहतो. त्यामुळे खेळाडूने नेमके काय करायचे आहे, म्हणजे बांधायचे, लपायचे की लढायचे, हे पहिल्या काही सेकंदांत प्रत्यक्ष खेळाच्या दृश्यांतूनच कळायला हवे.

२०११ साली ‘डेड आयलंड’चा उलट्या क्रमाने उलगडणारा ट्रेलर खूप गाजला. सुटीवर आलेल्या एका कुटुंबाची शोकांतिका त्यात विलक्षण हळुवारपणे दाखवली होती. परंतु प्रत्यक्ष खेळ त्यात नव्हताच, आणि हाती आला तो झोंबींना वल्ह्यांनी व कोयत्यांनी झोडपण्याचा खेळ. लघुपट म्हणून ती चित्रफीत मला आजही अप्रतिम वाटते, खेळाची ओळख म्हणून मात्र नाही.

सर्वाधिक वेळ द्यावा तो दृश्ये टिपण्यासाठी. खेळताना कॅमेरा सवयीने सतत भिरभिरतो, म्हणून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळून, कॅमेरा संथ ठेवून, एका दृश्यात एकच कृती स्पष्ट दिसेल असे चित्रण करावे. पडद्यावरील आकडे आणि पट्ट्या सरसकट काढू नयेत. पत्त्यांच्या किंवा व्यवस्थापनाच्या खेळात खरी गंमत त्यांतच असते. बोधचिन्ह शेवटी, खेळाचे नाव आणि तारखेसोबत, सहज मावते.